उसना रिले

अजून अंगणात ऊनही उतरलं नव्हतं, आणि लखनची चावी अकरा वेळा फिरवून झाली होती. अकराही वेळा व्हॅनने नुसतं खर्रर्र, खर्रर्र केलं आणि मान टाकली. बाराव्यांदा हात चावीकडे गेला, तशी दारातून त्याची बायको प्रतिभा म्हणाली,

“आते काय बॅटरीना जीव लेतस का?”

“तू चहा ठेव.”

“ठेवेल शे. दोनदा गार व्हयना.”

लखन खाली उतरला, गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ घातली, परत आत बसला. बसवेना म्हणून पुन्हा उतरला. साडेसहा झाले होते. सातला निघायचं होतं. अक्कलकुव्याहून घाट चढून महूच्या, म्हणजे मोहाच्या झाडाच्या, वळणापर्यंत एक तास, तिथून रूपसिंग आणि रूपलीबाई ह्या म्हाताऱ्या जोडप्याला घ्यायचं, परत खाली यायचं आणि थेट नंदुरबार गाठायचं. तिथे डोळ्यांचं शिबिर होतं, ह्या वर्षीचं शेवटचं. बारापर्यंत नाव लागलं तर रूपसिंगच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन उद्या, नाही लागलं तर पुढच्या वर्षी. आणि रूपसिंगला आता सावलीसुद्धा दिसेनाशी झाली होती.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी लखनला साधुसंत समजायला नको. माणूस वाईट नाही. मूळ रनाळ्याचा, लग्नानंतर अक्कलकुव्यात येऊन राहिला, डोंगरातल्या रस्त्यावर व्हॅन चालवतो, दारूच्या वाटेला जात नाही. पण त्याच्या जिभेवर एक ‘हो’ कायम तयार बसलेला असतो. येशील का? हो. आणशील का? हो. समोरचा पाठ फिरवतो न फिरवतो तोच तो ‘हो’ हवेत विरून गेलेला असतो. बोलाचीच कढी, बोलाचाच भात!

महिन्यापूर्वीही असंच शिबिर होतं आणि तेव्हाही लखनने ‘हो’ म्हटलं होतं. डोंगरातले पाडे म्हणजे एक घर ह्या टेकडीवर, दुसरं त्या टेकडीवर. टॉवर नाही, फोन लागत नाही. म्हणून गाडीवाल्याने खाली रस्त्यावर उभं राहून तीनदा हॉर्न द्यायचा आणि माणसांनी खाली उतरायचं, अशी तिकडची रीत. लखनने त्या दिवशी तीन हॉर्न दिले. दहा मिनिटं थांबला. गाडीतली बाजाराची माणसं कटकट करायला लागली. “येत नसतील,” असं म्हणून त्याने गाडी सोडून दिली. आंधळ्या माणसाला दगडांच्या वाटेवरून उतरायला पाऊण तास लागतो, एवढा साधा विचार त्या टाळक्यात शिरला नाही. दोघं खाली आली तेव्हा रस्त्यावर नुसती धूळ होती. दुपारपर्यंत ती महूखाली बसून राहिली.

पुढच्या बाजारात रूपलीबाई आमचूर विकायला आली होती. लखनला वाटलं, म्हातारी चार माणसांत शिव्या घालणार. तिने एक शिवी दिली नाही. घरी ती भिली बोलायची, पण बाजारात मोडकंतोडकं मराठी चालवायची. आमचूर निवडता निवडता तिने विचारलं, “डायवर, तुझा भोंगा खोटं बोलतो का?”

लखनच्या तोंडचं पाणी पळालं. ह्या वेळी नक्की नेतो, एकही दुसरं शीट घेत नाही, असं तो शपथेवर म्हणाला. रूपलीबाईने शपथेकडे लक्ष दिलं नाही. ती म्हणाली, “तीन भोंगे दे, मग आम्ही निघू. मग मधेमधे वाजवत राहा. वाजला तर चालू. बंद झाला तर तिथूनच माघारी. आंधळ्याला पुन्हा फुकट नाही उतरवणार.”

हे सगळं डोक्यात घेऊन लखन त्या सकाळी अंगणात येरझाऱ्या घालत होता. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते तर शोधायला हवं होतं. पेट्रोल होतं. स्टार्टर फिरत होता. त्याने प्रतिभाला पुढच्या सीटवर बसवलं आणि स्वतः मागे पेट्रोलच्या टाकीपाशी जमिनीवर आडवा झाला.

“चावी फिराव. चालू करू नको, नुसती फिराव.”

“फिरावी.”

टाकीतून काही आवाज आला नाही. एरवी चावी फिरवली की आतला पंप दोन सेकंद घूंऽ करतो, इंजिनाकडे पेट्रोल ढकलून ठेवतो. आज तिथे स्मशानशांतता होती.

“पंप मुका शे,” लखन कपडे झटकत उठला. “एक तं पंप गया, नही तं त्याना रिले.”

पंप गेला असता तर सगळंच संपलं होतं. टाकी उतरवायची म्हणजे दिवस मोडला. रिले मात्र काडेपेटीहून लहान काळी डबी, खाली चार पाय. चावी फिरली की आतल्या आत टक् करायचं आणि पंपाला करंट सोडायचा, एवढंच तिचं काम. लखनने डॅशबोर्डखालच्या खोक्यातून ती उपटून काढली, फुंकली, पँटला पुसली, परत लावली. काही नाही. पुन्हा काढली. आता ती तपासायची तर गाडीबाहेरची बॅटरी पाहिजे.

शेजारचे चुनीलालबाबा पाठीवर फवारणीचा पंप अडकवून शेताकडे निघाले होते. लखनने त्यांना फाटकातच अडवलं.

“बाबा, तुम्हनी बॅटरी द्या. पाच मिनिट.”

“मन्ही भेंडी वाट दखी ऱ्हायनी.”

“भेंडी कोठे पळस? द्या ना!”

फवारणीच्या पंपातली बॅटरी बारा व्होल्टची, तेवढीच पाहिजे होती. ओट्यावर ती ठेवून लखनने दोन वायरी रिलेच्या दोन पायांना टेकवल्या. टक्! वायर उचलली, टक्! पुन्हा टेकवली, टक्!

“बोलस ना तो,” चुनीलालबाबा म्हणाले. “चांगला शे. दे मन्ही बॅटरी.”

“थांबा ना बाबा!” लखनने बॅटरी सोडली नाही. टक् वाजल्यावर उरलेल्या दोन पायांतून करंट पलीकडे जातो की नाही, हे बघायचं राहिलं होतं. त्याने इंडिकेटरचा एक जुना बल्ब आणला, वायरी जोडल्या, रिलेला करंट दिला. टक् वाजलं. बल्ब लागला नाही. वायरी खरवडून पुन्हा जोडल्या. टक् वाजलं. बल्ब काळाठिक्कर. बल्ब सरळ बॅटरीला लावला तर लखकन पेटला. म्हणजे बल्ब चांगला, बॅटरी चांगली, आणि रिलेच्या आतले पॉइंट जळालेले.

प्रतिभा कमरेवर हात ठेवून बघत होती. “म्हनजे टक् म्हनस, पन देत काहीच नही?”

“हा.”

“वळखना मानूस दिसस मन्हा.”

चुनीलालबाबा असे हसले की पाठीवरच्या टाकीतलं औषध डचमळलं. लखनला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी कदाचित आलं असतं. आज ते वाक्य नेमकं लागायचं तिथे लागलं आणि तो मुकाट्याने वायरी गुंडाळू लागला.

नवा रिले आणावा तर दुकान दहाला उघडणार. मेकॅनिक नवनीत चिंचपाड्याला साल्याच्या लग्नात. लखनने फोन लावला. पलीकडे बँड वाजत होता.

“रिले गया? मंग रडस काबर?” नवनीत बँडच्या वर ओरडला. “हॉर्नना रिले काढ आनि पंपना जागे ठोक. दोन्ही सगा भाऊ शेत!”

“आनि हॉर्न?”

“हॉर्नबिगर गाडी चालस लखनभाऊ, पेट्रोलबिगर नही. ठेव आते, नवरदेव उना!”

खरंच, दोन्ही डब्या हुबेहूब एकसारख्या होत्या. लखनने हॉर्नचा रिले उपटला आणि पंपाच्या जागी दाबला. रिकामी जागा बरी दिसेना म्हणून जळका रिले हॉर्नच्या जागी बसवला. चावी फिरवली. टाकीतून घूंऽ आलं. स्टार्टर मारला आणि व्हॅन अशी सुरू झाली, जणू काही झालंच नव्हतं!

“चहा!” प्रतिभा ओरडली.

“परत येवावर!” लखनही ओरडला, आणि गेला.

तुमच्या ध्यानात आलंच असेल. त्याच्या ध्यानात आलं नाही. सकाळपासून ज्याचा जीव टांगणीला लागलेला, त्याला गाडी सुरू झाली की स्वर्ग हाताला लागतो. निघायला पावणेआठ झाले होते, तेवढं एक त्याला दिसत होतं. घाटात प्रत्येक वळणावर त्याने खिडकीतून हात काढून दारावर थापा मारल्या, “ओऽऽ” म्हणून ओरडला, आणि वर स्वतःच्या हुशारीवर खूशही झाला. हॉर्न नाही तर नाही, काय अडतंय?

महूच्या वळणाला पोचला तेव्हा पावणेनऊ झाले होते. गाडी वळवून तोंड उताराकडे केलं, हँडब्रेक ओढला, आणि सवयीने तळहाताने स्टिअरिंगवर जोरात दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. आणि तेव्हा कुठे त्या माणसाच्या डोक्यात उजेड पडला.

“अरे माझ्या कर्मा!” तो स्वतःलाच म्हणाला. “ज्याने बोलवायचं तोच भोंगा मोडून आलो की!”

तो खाली उतरून रस्त्याच्या कडेला गेला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला, “रूपलीबाऽऽई!” आवाज दरीत उतरला, पलीकडच्या टेकडीला लागून परत आला. समोरच्या उतारावरच्या एका गुराख्याने, आपल्यालाच कोणी हाक मारली असं समजून, उलट हाळी दिली. लखन पुन्हा ओरडला, गुराख्याने पुन्हा उत्तर दिलं. हे संभाषण दिवसभर चाललं असतं. डोंगरात हाका दिवसभर चालूच असतात, त्यांनी कोणी घर सोडून खाली येत नाही. ठरलं होतं ते भोंग्याचं.

वर चढून बोलवायला जावं तर चढायलाच तास. तोवर बारा कसले गाठतो!

उरला एकच मार्ग, आणि त्यानेच लखनला घाम फुटला. गाडी बंद करायची. पंपाच्या जागेतला रिले काढून हॉर्नला लावायचा. बोलवायचं. पण म्हातारी म्हणाली होती, मधेमधे वाजवत राहा. म्हणजे ती खाली येईपर्यंत रिले हॉर्नमध्येच राहणार, गाडी बंदच राहणार, आणि प्रत्येक हॉर्न त्या म्हाताऱ्या बॅटरीतला घोट घोट पिणार, जिला त्याने स्वतः सकाळी अकरा वेळा पिळलं होतं. मग शेवटी गाडी सुरूच झाली नाही तर? आंधळ्याला दुसऱ्यांदा खाली उतरवून गाडीजवळ उभं करायचं आणि सांगायचं, जा घरी? इकडे आड, तिकडे विहीर.

त्याने चालू इंजिनाकडे पाहिलं. छान चालत होतं बिचारं. त्याने चावी बंद केली.

रिले तापला होता. बोटांना चटका बसला आणि ती डबी सुटून ब्रेकच्या पायापाशी पडली. लखन डोकं खाली घालून चाचपडत राहिला, स्वतःला, नवनीतला आणि नवनीतच्या साल्याला शिव्या देत राहिला. सापडली. हॉर्नच्या जागी दाबली. स्टिअरिंगवर हात ठेवायला त्याला भीती वाटली.

पाँऽऽ! पाँऽऽ! पाँऽऽ!

हॉर्न दरीभर घुमला आणि लखनचे डोळे भरून आले. मोठा बाप्या, हॉर्न ऐकून रडतो! पण आले खरे.

मग वाट बघणं सुरू झालं. चार मिनिटांनी एक हॉर्न. लखन गाडीतून उतरत होता, वर पाहत होता, परत चढत होता. दहा मिनिटं झाली. मागच्या वेळी तो ह्याच घटकेला निघून गेला होता. त्या दिवशी ती दोघं कुठवर आली असतील ह्या वेळेला? अर्ध्यावरही नाही. म्हातारी पुढे, म्हातारा काठी धरून मागे, आणि खाली गाडी निघाल्याचा आवाज त्यांना ऐकू गेला असणार. हे त्याला आज पहिल्यांदा सुचलं. महिनाभर त्याला लाज वाटत होती ती पकडलं गेल्याची. आज दुखलं ते वेगळंच होतं.

वीस मिनिटं. पाँऽ. आवाज जरा जाड झाला होता. तीस मिनिटं. पोंऽ. लखन मनातल्या मनात बॅटरीला गोंजारत होता. वाजवू की राखून ठेवू? पाच मिनिटं त्याने दम धरला. मग वाटलं, ती वर थांबली असतील, कान देऊन उभी असतील. त्याने वाजवला. पुंऽ.

पाऊण तास होत आला तेव्हा वरच्या वळणावर पांढरं फडकं दिसलं. रूपलीबाई पुढे, तिच्या काठीचं दुसरं टोक धरून रूपसिंग मागे, पाय चाचपत, एकेक दगड ओळखत. शेवटच्या उतारावर ती थांबली. महूच्या आड असल्याने तिथून गाडी दिसत नव्हती. म्हातारी जागची हलेना. लखन “या, या!” करत ओरडला. तरी हलेना. त्याने धावत जाऊन स्टिअरिंग दाबलं. चिमुकला, घोगरा, सर्दी झाल्यासारखा आवाज निघाला.

तेव्हा ती दोघं उतरली.

“तुझा भोंगा आजारी आहे का?” रूपलीबाईने जवळ येताच विचारलं.

लखनने तिला सगळं सांगितलं. डबी एक, जागा दोन, बॅटरी म्हातारी. सांगता सांगता त्याने रिले काढून पंपाच्या जागी लावला. म्हातारी लक्ष देऊन ऐकत होती. ऐकून तिने सरळ विचारलं, “मग गाडी चालू होईल?”

‘हो’ जिभेवर आलाच होता. लखनने तो गिळला.

“माहीत नाही, मावशी.”

रूपलीबाईने त्याच्याकडे पाहिलं. मग नवऱ्याला हाताला धरून सीटवर बसवलं, स्वतः बसली आणि दार लावून घेतलं.

चावी फिरवली. घूंऽ आलं, पण दमलेलं. स्टार्टर मारला तर खर्र… आणि गप्प. पुन्हा मारला, नुसतं टक्. लखनने डोळे मिटले, हँडब्रेक सोडला. गाडी उतारावर हळूच निघाली. दुसरा गिअर टाकला. एक वळण गेलं, वेग आला, क्लच सोडला. गाडीने एक गचका दिला, दुसरा दिला, खोकली, आणि सुरू झाली!

“चालली?” रूपसिंगने विचारलं. सकाळपासून त्याचा हा पहिला शब्द.

“चालली बाबा! पण आता हॉर्न नाही. त्याची डबी गाडीला लावली.”

रूपसिंगने खिडकीची काच चाचपून खाली सरकवली. “वळण आलं की सांग,” तो म्हणाला. “डोळे गेले, गळा आहे.”

आणि मग घाटभर तेच चाललं. लखन म्हणायचा “आलं,” आणि म्हातारा खिडकीबाहेर तोंड काढून अशी काही लांब हाळी द्यायचा की समोरून येणारे दुचाकीवाले कडेला होऊन थांबायचे. आयुष्यभर एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर बोललेला गळा तो. रूपलीबाई पदरात तोंड घालून हसत होती. लखनला मात्र घड्याळाशिवाय काही दिसत नव्हतं. अक्कलकुव्यात रिलेच्या दुकानाचं शटर उघडं दिसलं, पण तो थांबला नाही. गाडी बंद करायची त्याची छातीच नव्हती.

नंदुरबारला दवाखान्याच्या फाटकात पोचले तेव्हा बाराला दहा कमी होते. दोघांना उतरवून लखन गाडी चालूच ठेवून बाहेर बसला. बसला कसला, उठला, बसला, पुन्हा उठला. बारा वाजले. बारा पाच. कोणी बाहेर येईना. मग रूपलीबाई एकटीच आली. तिच्या हातात एक गुलाबी कागद होता.

“नाव लागलं,” ती म्हणाली. “शेवटचं. उद्या कापतील. परवा सकाळी दहाला सोडतील.”

घाटापासून चालू ठेवलेली गाडी लखनने आता बंद केली.

“परवा न्यायला येशील?” रूपलीबाईने विचारलं. “भोंगा देशील?”

लखनने फाटकावरची पाटी पाहिली. “इथे बंदी आहे, मावशी. लिहिलंय, हॉर्न वाजवू नका. दवाखाना आहे ना.”

म्हातारीने त्या अक्षरांकडे पाहिलं. तिला ती वाचता येत नव्हती. मग लखनकडे पाहिलं.

“मग नको वाजवू,” ती म्हणाली. “आम्ही दहाला बाहेर येऊन बसू.”

“न वाजवता?”

“न वाजवता,” रूपलीबाई म्हणाली, आणि कागद पदराला बांधून आत गेली.